शनिवारच्या सह्या

सदाशिवरावांनी पेटीच्या पाठीमागची निळी वायर चिमटीत धरली, तिच्या टोकाची प्लास्टिकची जीभ दाबली आणि वायर हळूच ओढून काढली. संगणकाच्या खोलीत एकदम पंधरा-वीस सुस्कारे उमटले.

"सर, नेट गेलं," पहिल्या बाकावरून आचल म्हणाली.

"गेलं नाही. मी काढलं."

"काऊन, सर?"

पोरांनी विचारलेल्या 'काऊन'ला त्याच तासात उत्तर द्यायचं, ही सदाशिवरावांची बत्तीस वर्षांची रीत होती. आधी पंचवीस वर्षं गणित शिकवताना पाळली आणि मग सेलूच्या या शाळेत संगणक आले, म्हाताऱ्या वयात तेही शिकून घ्यावे लागले, तेव्हाही सोडली नाही. त्यांनी वायर खिडकीच्या गजाला अडकवली, हाताची धूळ धोतराला पुसावी तशी पॅन्टला पुसली आणि खडू उचलला.

भिंतीवरच्या फळीवर ती पेटी बसलेली होती. पाटीएवढी, काळी, समोर चार हिरवे दिवे. परदेशात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने चार वर्षांपूर्वी शाळेला भेट दिलेली. बाहेरून येणारी इंटरनेटची तार आधी तिच्यात शिरायची आणि मग पोरांच्या संगणकांकडे जायची. काय आत येऊ द्यायचं आणि काय दारातूनच परतवायचं, ते ती ठरवायची. सदाशिवरावांनी फळ्यावर एक घर काढलं. घराला दार काढलं, दाराशेजारी खिडकी काढली.

या पेटीत दोन तऱ्हेची माणसं जाऊ शकतात, त्यांनी सांगितलं. एक मालक. त्याच्याकडे दाराची किल्ली. तो आतलं काहीही बदलू शकतो. दुसरा बघ्या. तो खिडकीशी उभा राहून आत काय चाललंय ते नुसतं बघतो, हात लावू शकत नाही. आज सकाळी पेटी बनवणाऱ्या कंपनीची ई-मेल आली होती. तिच्यात लिहिलं होतं की एक युक्ती केली तर बघ्याला मालक होता येतं, आणि त्याला किल्ली लागत नाही. यावर नवा प्रोग्राम निघाला आहे. तो टाकेपर्यंत पेटी तारेवरून काढून ठेवा आणि बघ्यांची सगळी नावं बंद करा.

"म्हणजे खिडकीतून पाहणाऱ्यानं हात आत घातला अन् दाराची कडी काढली," आचल म्हणाली.

"अगदी बरोबर."

आचलची नजर फळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली. दुसऱ्या वर्गांत जिथे सुविचार लिहिलेला असतो, तिथे या वर्गात पिवळ्या खडूने बघ्याचं नाव, 'विद्यार्थी', आणि पासवर्ड लिहिलेला होता. चार वर्षं लिहिलेला होता. अक्षरं पुसट झाली की सदाशिवराव स्वतः ती गिरवत. प्रत्येक पोराने पेटीत डोकावून पाहावं, पहारा कसा चालतो ते त्याला कळावं, असा त्यांचा हट्ट. संस्थेचे सचिव अण्णाजी एकदा कुरकुरले होते, तेव्हा त्यांनी हसून सांगितलं होतं, की पाहणाऱ्यानं काही बिघडत नसतं, अण्णाजी.

"सर, मग हे पुसू का?" आचलने विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. तिने टाचा उंचावून डस्टर फिरवला. अक्षरं गेली, पण पिवळट सावली राहिली, आणि लांबून तीही वाचता येत होती.

मधल्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर त्यांनी नागपूरला फोन लावला. पेटीची देखभाल बघणारा योगेंद्र नावाचा इंजिनिअर होता, कामात चोख आणि बोलण्यात घाईचा. त्याने सांगितलं, प्रोग्राम पाठवतो, पंधरा मिनिटांचं काम आहे. मग सरांनी खोदून विचारलं म्हणून ती युक्तीही सांगितली. बघ्याच्या नावाने आत जायचं आणि वर पानाचा जो पत्ता दिसतो, त्यातला शेवटचा शब्द हाताने बदलायचा. एवढंच.

सदाशिवरावांनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि बघ्याचं नाव बंद करण्याआधी एकदा तसं करून पाहिलं. मालकाचं पान उघडलं. सगळ्या खुणा, सगळी बटणं समोर. कोणी काही विचारलं नाही.

"योगेंद्र, हे केव्हापासून असं आहे?"

"पहिल्यापासून, सर. तुमची पेटी आली तेव्हापासून. आत्ता सापडलं फक्त."

"आणि असं आत शिरून कोणी काही बदललं, तर पेटीच्या नोंदीत नाव कोणाचं पडतं?"

"मालकाचंच ना, सर. पेटीच्या हिशोबानं तो मालकच झाला."

योगेंद्र पुढेही काही सांगत होता. सदाशिवरावांनी बरं, बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मालकाचं पान समोर अजून उघडंच होतं. बाहेर पोरं कबड्डी खेळत होती आणि कोणीतरी श्वास सोडल्याबद्दल भांडण चाललं होतं.

तीन वर्षं होत आली त्या गोष्टीला. दोन हजार पाचचा जानेवारी. संस्थेची मंडळी शाळा बघायला आली होती. अण्णाजी पुढे, त्यांच्यामागे पाहुणे, पाहुण्यांमागे मुख्याध्यापक. संगणकाच्या खोलीत एका मुलीने कौतुकाने काही शोधून दाखवायला घेतलं आणि पडद्यावर नको ती चित्रं उघडली. मुलगी रडायला लागली. पेटीने असली पानं अडवायची, म्हणून तर ती बसवली होती. नोंद काढून पाहिली तर आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मालकाच्या नावाने तो पहारा उठवलेला होता.

मालकाची किल्ली दोघांकडेच होती. एक सदाशिवराव. ते त्या वेळी आठवीच्या वर्गावर होते, चाळीस पोरं साक्षीला. दुसरी छाया.

छाया त्यांचीच विद्यार्थिनी. पुलगावच्या गिरणीत काम करणाऱ्या नत्थूजींची पोर, पाचवीपासून सेलूला मावशीकडे राहून शिकली. संगणकाचा कोर्स केला आणि याच खोलीत मदतनीस म्हणून लागली. दर वर्षी नेमणुकीचं पत्र नवं मिळायचं, पण त्या जूनपासून तिला कायम करायचं ठरलं होतं. वर्ग चालू असताना मला कोणी हाक मारायची नाही, जे बिघडलं असेल ते रजिस्टरात लिहायचं, ही सदाशिवरावांची शिस्त तिच्याइतकी दुसऱ्या कोणी पाळली नाही. माउस बंद पडला, लिहिलं. पंख्याचा आवाज येतो, लिहिलं. दर शनिवारी शाळा सुटताना ते रजिस्टर टेबलावर यायचं आणि सदाशिवराव चहा पिता पिता आठवडाभराच्या पानांवर सह्या करायचे.

अण्णाजींच्या खोलीत तिला बोलावलं तेव्हा ती दोनच वाक्यं बोलली होती.

"मी नाई केलं, सर. रजिस्टर पाहा ना एकदा."

"रजिस्टर कशाले पाह्यचं?" अण्णाजी म्हणाले होते. "मशीन नाव सांगून राह्यली ना."

मग अण्णाजींनी सदाशिवरावांकडे पाहिलं होतं आणि छायानेही पाहिलं होतं. सदाशिवराव म्हणाले होते, "पेटी खोटं बोलत नाही." हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. फळ्यावर सिद्धता पूर्ण झाल्यावर माणूस शेवटची ओळ म्हणतो, तसं म्हटलं होतं. रजिस्टरचं कपाट शेजारच्याच खोलीत होतं. ते उठले नाहीत.

जूनमध्ये तिला नवं पत्र मिळालं नाही. गावात मात्र गोष्ट पोचली होती, आणि ज्या चित्रांची ती गोष्ट, ती एका तरुण पोरीच्या नावाला चिकटली. ती पुलगावला आईवडिलांकडे निघून गेली.

सदाशिवराव आता उठले. छायावरचा आळ काढणारं पत्र लिहायचं तर त्या दिवसाची नेमकी तारीख हवी. कपाटातून दोन हजार पाचचं रजिस्टर काढलं, वरची धूळ फुंकली आणि जानेवारीचं पान शोधलं. तारीख सापडली. मग पानं मागे उलटायला नको होती, पण बोटं उलटत गेली. नऊ दिवस आधीच्या पानावर, तीन क्रमांकाच्या माउसच्या तक्रारीखाली छायाचं गोल, टपोरं अक्षर होतं.

'विद्यार्थी या नावाने आत गेल्यावर पत्त्यातला शेवटचा शब्द बदलला तर मालकाचे पान उघडते. मी करून पाहिले. सरांनी एकदा बघावे.'

आणि त्याखाली हिरव्या शाईत त्यांची सही. ठसठशीत, खाली दोन टिंबांसह.

त्यांनी ते वाक्य परत वाचलं. कंपनीला जे आता तीन वर्षांनी कळलं होतं, ते सेलूच्या या खोलीत एका पोरीला तेव्हाच कळलं होतं, तिने सरळ मराठीत लिहून दिलं होतं आणि त्यांनी चहाच्या घोटाबरोबर त्यावर सही केली होती. त्यांनी पान बोटाने दाबून सपाट केलं, रजिस्टर मिटलं आणि कपाटात परत न ठेवता आपल्या पिशवीत घातलं.

दुपारी योगेंद्रचा प्रोग्राम सीडीवर आला. तो टाकून झाला, बघ्याचं नाव काढून टाकलं, मालकाची किल्ली बदलली, वायर परत लावली. चारही दिवे हिरवे झाले. पंधरा नाही, अकराच मिनिटं लागली.

संध्याकाळी ते अण्णाजींच्या दुकानात गेले. अण्णाजींचं बियाण्याचं दुकान बाजार चौकात होतं. गादीवर बसूनच ते शाळेचा कारभार बघत. सदाशिवरावांनी ई-मेलचा कागद पुढे केला आणि सगळं समजावून सांगितलं. अण्णाजी शांतपणे ऐकत होते. माणूस वाईट नव्हता, पण झालेल्या गोष्टीकडे वळून पाहायची त्यांना सवय नव्हती.

"आता झाली ना दुरुस्त?"

"पेटी झाली."

"मंग बस झालं, गुरुजी. गडे मुरदे काऊन उखाडता? मार्चमध्ये तुमचा निरोप समारंभ. हारतुरे घ्या अन् आरामात राहा."

सदाशिवराव बसूनच राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. ते उठत नाहीत हे पाहून अण्णाजींनीच वाट काढली. द्या लिहून पत्र, म्हणाले, यंत्रातील दोषामुळे गैरसमज झाला, सदर कर्मचाऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता. मी सही-शिक्का देतो, खाली तुम्ही सही करा. यंत्राचा दोष म्हटल्यावर कोणाचंच काही जात नाही.

खरंच कोणाचंच काही जात नव्हतं. पिशवीतलं रजिस्टर सदाशिवरावांच्या मांडीवर होतं. त्यांनी पिशवीचे बंद एकदा सोडले, एकदा परत बांधले. मग पत्र लिहिलं. अण्णाजींनी न वाचता सही केली, शिक्का मारला. स्वतःची सही सदाशिवरावांनी मात्र तिथे केली नाही. घरी जाऊन करतो म्हणाले.

रविवारी सकाळी ते सेलूहून वर्ध्याला आणि वर्ध्याहून पुलगावच्या बसने निघाले. ऑक्टोबरचं ऊन चढायला लागलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची बोंडं फुटत होती. काय बोलायचं ते त्यांनी देवळीपर्यंत मनात तीनदा जुळवलं, आणि पुलगावच्या स्टँडवर उतरल्यावर त्यातलं पहिलं वाक्यही आठवेना.

बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या गल्लीत घर सापडलं. ओसरीवर दोन संगणक, चार स्टुलं, आणि सुट्टीच्या दिवशीही टाईप करत बसलेली तीन पोरं. भिंतीला सुतळीने एक वही लटकावलेली होती. छायाने त्यांना ओळखलं, पुढे झाली, पाया पडायला किंचित वाकली आणि अर्ध्यातच सरळ झाली. मग ओढणीने स्टूल पुसून दिलं.

"बसा सर. लय उन्हात आले."

तिची आई देवकाबाई आतून पाण्याचा गिलास घेऊन आली. तिने तो सरांच्या हातात दिला नाही. बाजूच्या कट्ट्यावर ठेवला आणि आत निघून गेली. सदाशिवरावांनी तो उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग ते बोलले. पेटी, कंपनीची ई-मेल, बघ्याचं नाव. वर्गात शिकवताना ते पायरी-पायरीने जात, तसे आत्ताही गेले. छाया हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"आणि मग पानाच्या पत्त्यात..."

"शेवटचा शब्द बदलला का झालं," छाया म्हणाली.

सदाशिवरावांनी हातातला गिलास कट्ट्यावर ठेवला.

"एका पोरानं दाखवलं होतं मले. गंमत म्हणून, हसत हसत. मी त्याले म्हटलं, थांब, सरांले सांगतो."

"कोण होता?"

"जाऊ द्या. बारावीचं वर्ष होतं त्याचं. अन् त्यानंच केलं असं त मी पाह्यलं नाई ना, सर. दोष लिहा, पोराचं नाव लिहू नका, असं तुमीच सांगत होते."

एक पोरगी टाईप करता करता मागे वळून बघत होती. छायाने डोळ्यांनीच तिला कामाला लावलं.

सदाशिवरावांनी पत्र काढून तिच्या हाती दिलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि सावकाश वाचलं. अण्णाजींच्या सहीवर, शिक्क्यावर तिची नजर गेली आणि परत वरच्या ओळीवर आली. तिथे तिने बोट ठेवलं.

"'यंत्रातील दोषामुळे.' बरोबर आहे." तिने बोट उचललं. "पण यंत्रानं त मले काढलं नाई, सर."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"दोन वर्षं मी स्टँडवर जात नव्हती," छाया खालच्या आवाजात म्हणाली. "सेलूचं कोणी भेटलं त काय सांगू? बाबांनी कधी विचारलं नाई. गेले तोवर विचारलं नाई. विचारलं असतं त बरं झालं असतं." तिने पत्र घडी घालून परत उघडलं. "मी तुमाले तोंडानं सांगायला पाह्यजे होतं तवाच. वर्ग चालू होता तुमचा. म्हणून लिवलं."

सदाशिवरावांना वाटलं होतं की रजिस्टरचा प्रश्न क्षणभर तरी लांबेल. तिने मान वर केली.

"पाह्यलं का मंग रजिस्टर?"

त्यांनी पिशवीचे बंद सोडले. यावेळी ते परत बांधले नाहीत. रजिस्टर काढून तिच्यासमोर स्टुलावर ठेवलं आणि खूण घातलेलं पान उघडलं. छायाने स्वतःचं अक्षर पाहिलं. मग खालची हिरवी सही पाहिली. बोट त्या दोन टिंबांपर्यंत नेलं, पण टेकवलं नाही.

"सही केली होती," सदाशिवराव म्हणाले. "वाचलं नव्हतं."

"अस्सं," ती म्हणाली. "मले वाटे, तुमी वाचलं अन् तरी बी..."

सदाशिवरावांच्या लक्षात आलं की तीन वर्षं ही पोर त्यांना याहून वाईट समजत आली होती, आणि तरीही आत्ता तिने त्यांच्यासाठी स्टूल पुसलं होतं.

त्यांनी पत्र मागून घेतलं. खिशातून पेन काढलं, तेच हिरव्या शाईचं. अण्णाजींच्या सहीखाली जागा होती. तिथे रजिस्टरवर कागद टेकवून त्यांनी लिहायला घेतलं. कुमारी छायाने हा दोष नऊ दिवस आधी लेखी कळवला होता. त्या पानावर माझी सही आहे. मी न वाचता सही केली आणि नंतर तिने विनंती करूनही रजिस्टर उघडून पाहिलं नाही. चूक यंत्राची होती, त्याहून अधिक माझी होती. एवढं लिहायला त्यांना बराच वेळ लागला. हे पत्र शाळेच्या फायलीत लागेल. मार्चच्या समारंभाआधी सगळे वाचतील. त्यांनी पेन खाली, सहीच्या जागेवर नेलं.

छायाने त्या जागेवर तळहात ठेवला.

"आधी वाचा, सर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक पोराला ते हेच दोन शब्द सांगत आले होते. छायाच्या चेहऱ्यावर ना राग होता ना हसू. तिने भिंतीवरच्या वहीकडे मान केली.

"इथं असंच करतो आमी. ज्यानं लिवलं तो वाचून दाखवते, मंगच सही."

तिन्ही पोरांनी टाईप करणं थांबवलं होतं. देवकाबाई आतल्या दाराशी येऊन उभी राहिली होती, ओले हात पदरात धरून. सदाशिवराव स्टुलावरून उठले. वर्गात वाचायला सांगितलेलं पोर उठतं तसे. त्यांनी चष्मा वर सारला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.